रोमन नाण्यांसाठी पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील काही लहान कांस्य नाणी तुमच्याकडे आली आहेत आणि ती ओळखण्यासाठी ‘रोमन इंपिरियल कॉइनेज’, म्हणजे संग्राहकांच्या बोलण्यातील ‘आरआयसी’, या ग्रंथमालेचा संपूर्ण संच घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये.

मॅटिंगली आणि सिडनहॅम यांनी 1923 मध्ये सुरू केलेल्या या मालेचा दहावा खंड 1994 मध्ये निघाला. इतक्या दीर्घ काळात वेगवेगळ्या अभ्यासकांनी लिहिलेले खंड एकाच दर्जाचे असणे शक्य नव्हते. वेब यांच्या पाचव्या खंडाचे दोन भाग 1927 आणि 1933 चे असून आज ते बरेच मागे पडले आहेत. उलट पहिल्या खंडाची सुधारित आवृत्ती 1984 मध्ये आली आणि हेड्रियनच्या नाण्यांचा नवा भाग तर 2019 मध्ये निघाला. संपूर्ण संच घेणारा माणूस निम्मे पैसे जुन्या माहितीवर खर्च करतो. शिवाय पहिल्या सम्राट ऑगस्टसपासून पाचव्या शतकाच्या अखेरपर्यंतची या मालेतील वर्गवारी अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या ‘ओसीआरई’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते.

तुम्हाला खरोखर लागेल तो सातवा खंड. फिनलंडचे पॅट्रिक ब्रून यांचा हा ग्रंथ 1966 चा असून त्यात 313 ते 337 या काळातील नाणी आहेत. त्यानंतरच्या नाण्यांसाठी केंट यांचा आठवा खंड (1981) पाहावा. सहाव्या ते नवव्या खंडांत मांडणी टांकसाळीनुसार आहे आणि प्रत्येक टांकसाळीपाशी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. दोन सैनिक आणि त्यांच्यामध्ये ध्वजदंड असलेले ‘ग्लोरिया एक्सर्किटस’ हे नाणे साम्राज्यातील बहुतेक टांकसाळींत पाडले गेले. म्हणून मागच्या बाजूला तळाशी असलेली टांकसाळीची अक्षरे आधी वाचावीत, सम्राटाचा चेहरा नंतर पाहावा. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर नुसता ‘आरआयसी’ क्रमांक असेल आणि खंड व टांकसाळ यांचा उल्लेख नसेल, तर त्या चिठ्ठीचा काहीही उपयोग नाही.

सातव्या खंडातील दुर्मिळतेच्या खुणांविषयीही सावध राहावे. ‘आर5’ म्हणजे ब्रून यांनी पाहिलेल्या संग्रहांत एकच नमुना आढळला, एवढाच अर्थ; त्यानंतर बाजारात असे कितीतरी नमुने आलेले असू शकतात. तरीही ही खूण दाखवून किंमत चढवणारे विक्रेते सर्रास भेटतात.

एकच छापील पुस्तक हाताशी हवे असेल, तर डेव्हिड सिअर यांच्या ‘रोमन कॉइन्स अँड देअर व्हॅल्यूज’चा चौथा खंड घ्यावा. 2000 ते 2014 या काळात पाच खंडांत आलेल्या नव्या आवृत्तीतील या खंडात सम्राट डायोक्लेशनपासून कॉन्स्टंटाइनपर्यंतचा काळ आहे. त्यातील किमती केव्हाच जुन्या झाल्या आहेत, त्यांकडे दुर्लक्ष करावे. पण नाण्यांच्या प्रकारांची प्रस्तावनेतील ओळख नवख्या संग्राहकाला फार उपयोगी पडते. जुन्या चिठ्ठ्यांवर दिसणारा ‘कोहेन’ क्रमांक एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच ग्रंथाचा असतो. तो विकत घेण्याची गरज नाही, स्कॅन केलेल्या प्रती सहज मिळतात. सम्राटांच्या आधीच्या रोमन प्रजासत्ताकाच्या नाण्यांकडे पुढे कधी वळलात, तर क्रॉफर्ड यांच्या 1974 च्या दोन खंडांना अजूनही पर्याय नाही.

भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांचा विषय मात्र वेगळा आहे. येथे ऑगस्टस आणि टायबेरिअस यांची चांदीची दिनारिअस नाणी मोठ्या संख्येने मिळाली आहेत, त्यांतही ठरावीक एकदोन प्रकारच अधिक, आणि त्यांच्या स्थानिक नकलाही आहेत. ‘आरआयसी’त या नकलांचा शोध घेणे व्यर्थ आहे. त्यासाठी पॉला टर्नर यांचे ‘रोमन कॉइन्स फ्रॉम इंडिया’ (1989) हे पुस्तक पाहावे. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेत त्याविषयी आधी चौकशी करून पाहा, कारण जुन्या पुस्तकांच्या बाजारात ते क्वचितच येते.