पॅकेजचे पैसे भरण्याआधी मूळ रेकॉर्डिंग मागा

आठ वर्षांचा मुलगा, रांगेत थांबत नाही, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतो, चिडला की तोंडाआधी हात चालतो. ब्रेन मॅपिंगच्या (डोक्याला तारा लावून मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, म्हणजे ईईजी, घ्यायची आणि तिचा रंगीत नकाशा काढायचा) रिपोर्टात ‘थीटा-बीटा गुणोत्तर वाढलेले’, म्हणजे वेगवान बीटा लहरींच्या मानाने संथ थीटा लहरी जास्त, आणि खाली लगेच चाळीस न्यूरोफीडबॅक सेशनचं (स्वतःच्या लहरी पडद्यावर बघून त्या बदलायला शिकायचं) पॅकेज. तुमच्या पोस्टमधलं हे सगळं वाचताना आमचीच जुनी फाइल कुणीतरी उघडलीय असं वाटलं, म्हणून लांबलचक लिहितेय.

मी डॉक्टर नाही, आई आहे. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावळेपणा) नेमकं काय, गोळ्या द्याव्यात की नाही, यात शिरत नाही; ते तुम्ही वाचलेलं दिसतंय. मला बोलायचंय ते त्या रिपोर्टाबद्दल.

आमच्या सेंटरने (नाव देणार नाही, मेसेज करूनही विचारू नका) तपासणीआधी एक छापील कागद हातात ठेवला होता. मुलाला रात्री उशिरापर्यंत जागवा, पहाटे लवकर उठवा. आम्ही इमानेइतबारे पाळलं. ही सूचना असते फिट्सच्या ईईजीसाठी. झोप अपुरी असली, मध्येच डुलकी लागली, की फिट्सच्या खुणा सापडण्याची शक्यता वाढते, म्हणून तिथे मुद्दाम जागवतात. पण पेंगुळलेल्या मेंदूत थीटा, म्हणजे सेकंदाला साधारण ४ ते ८ आवर्तनांच्या लहरी, एरवीही वाढतातच. आधी पोराला पेंगायला लावायचं आणि मग थीटा जास्त म्हणून कपाळाच्या भागावर लाल रंग फासायचा!

हे एका न्यूरॉलॉजिस्टने दाखवून दिलं, तेही फार उशिरा. त्यांनी मूळ रेकॉर्डिंग मागितलं. सेंटरचं उत्तर: ‘रिपोर्ट दिलाय ना, रेकॉर्डिंग देत नाही.’ पापण्यांची उघडझाप गाळली होती का, असं विचारलं तर ‘ते सॉफ्टवेअर बघतं’. डोळे मिचकावले की कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर मेंदूच्या लहरींच्या कितीतरी पट मोठी संथ लाट उमटते, आणि चुळबुळ्या मुलाच्या रेकॉर्डिंगमध्ये अशा लाटांची रेलचेल असते. ती गाळली नाही तर कमी वारंवारितेचे आकडे फुगतात. लेखी विचारणा केली, तिचं उत्तर आजतागायत नाही. पैसे गेले ते गेलेच, पण ‘आधी सेशन पूर्ण होऊ द्या’ या त्यांच्या आग्रहापायी मानसोपचारतज्ज्ञांकडची खरी तपासणी मागे पडत राहिली आणि शाळेचं अख्खं वर्ष वाया गेलं. माझा राग त्याचा आहे.

बरं, त्या नकाशात मूल स्वतःला आवरू शकतं की नाही हे दिसतं तरी का? तो काढलेला असतो मूल शांत बसलेलं असताना. आवरणं मोजायचं तर आवरायला लावावं लागतं. प्रयोगशाळेत त्यासाठी ‘गो/नो-गो’ चाचणी असते: पडद्यावर चिन्हं भराभर येतात, प्रत्येकाला बटण दाबायचं, एक ठरावीक चिन्ह आलं तर मात्र हात रोखायचा. त्या चिन्हानंतर साधारण २०० ते ३०० मिलिसेकंदांत डोक्याच्या पुढच्या-मधल्या भागात एन२ नावाची ऋण लाट येते, मागोमाग पी३ ही धन लाट. याही अनेक फेऱ्यांची सरासरी काढल्यावरच नीट दिसतात. दुसरी ‘स्टॉप सिग्नल’ चाचणी. तिथे निघालेला हात मध्येच थांबवायचा असतो. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४ साली मांडलेल्या शर्यतीच्या मॉडेलवरून (बटण दाबणं आणि थांबणं यांची मेंदूत शर्यत लागते असं धरून) थांबायला लागणारा वेळ काढतात. निरोगी तरुणांत तो २०० ते २५० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. एडीएचडी असलेल्या गटात सरासरीने जास्त, पण दोन गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या आकड्यावरून एका मुलाबद्दल काही ठरवता येत नाही.

आणि गंमत ऐका. हात रोखायच्या नेमक्या त्या क्षणी पुढच्या-मधल्या भागातला थीटा वाढतो, आणि तो वाढणं हे नियंत्रण जागं झाल्याचं लक्षण मानतात. तेव्हा ‘थीटा वाईट, बीटा चांगला, एक कमी करू, दुसरा वाढवू’ असं कुणी समजावत असेल तर मी तरी खुर्चीवरून उठेन.

ते तुम्हाला अमेरिकेच्या एफडीएचं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) नाव सांगतील. २०१३ साली या गुणोत्तरावर आधारलेल्या एका उपकरणाला परवानगी मिळाली हे खरंच आहे, पण ती डॉक्टरच्या संपूर्ण तपासणीला जोड म्हणून. २०१६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने या गुणोत्तराच्या आधारे एडीएचडीचं निदान करू नये असा सल्ला दिला. न्यूरोफीडबॅकचं म्हणाल तर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ७ ते १० वर्षांची १४४ मुलं होती; काहींना खरं फीडबॅक, काहींना नकली, आणि कुणाला काय मिळतंय हे घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. दोन्ही गट सुधारले, जवळपास सारखेच. कुणाला फायदा झाला असेल तर मी खोटं म्हणत नाही. लक्ष देणारा माणूस, नियमित वेळ, शाबासकी यांचाही परिणाम होतोच. फक्त त्यासाठी डोक्याला तारा लावायचे पैसे का द्यायचे, हा माझा प्रश्न.

तुमच्या जागी असते तर उद्याच लेखी मागणी केली असती: मूळ रेकॉर्डिंग, मूल जागं होतं की पेंगत होतं याची नोंद, आणि तुलना कोणत्या वयाच्या मुलांशी केली तेही. वय महत्त्वाचं, कारण लहानपणी थीटा जास्तच असतो आणि वाढत्या वयाबरोबर उतरतो. टाळाटाळ झाली तर पॅकेज विसरा. शाळेकडून आणि घरून भरायच्या वर्तनाच्या प्रश्नावल्या, मुलाशी आणि तुमच्याशी सविस्तर बोलणं, झोप, ऐकू येणं, दृष्टी यांची तपासणी. निदान यातून होतं. कंटाळवाणं आहे, रंगीत काही मिळत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही ओझरती लिहिलीय आणि मला तीच जास्त खटकली: खेळता खेळता काही सेकंद शून्यात बघतो, हाक मारली तरी ओ देत नाही, मग काहीच न झाल्यासारखा पुन्हा खेळायला लागतो. हे नुसतं तंद्री लागणंही असेल. पण ॲबसेन्स प्रकारच्या फिट्स अशाच दिसतात, आणि तिथे ईईजी खरोखर कामाचा असतो. सेकंदाला ३ च्या आसपास येणाऱ्या टोकदार लाटा त्यात दिसतात, जोरजोरात श्वास घ्यायला लावला की बऱ्याचदा तिथेच झटका येतो. आता असं झालं की खांद्याला हात लावून बघा, भानावर येतो का ते, आणि जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. तो घेऊन लहान मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे याच आठवड्यात जा. ईईजी सांगितला तर आदल्या दिवशी केस धुऊन घ्या, तेल लावू नका, आणि जागवायचं की झोपवायचं हे त्यांनाच विचारा.