इंग्रजीचे दिवस भरले आहेत का?

प्रश्न : आमचे गाव दापोली तालुक्यात समुद्रालगत आहे. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत तिसरीत शिकते. पुढच्या वर्षी तिला इंग्रजी माध्यमात घालावे, असा घरच्यांचा आग्रह आहे. माझा धाकटा भाऊ मात्र म्हणतो, की आता मोबाइलच भाषांतर करून देतो, इंग्रजीचे दिवस भरत आले. खरे काय मानावे?
– एक पालक, दापोली तालुका

उत्तर : आपले पत्र वाचताना मला आधी आठवले ते कोर्लई. रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या मुखाशी, किल्ल्याच्या पायथ्याला वसलेल्या या गावातील ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात ‘नोलिंग’ म्हणजे ‘आमची भाषा’ बोलतात. तिचे मूळ पोर्तुगीज. परंतु 1740 मध्ये पोर्तुगीजांनी हा भाग सोडल्यानंतर ती मराठीच्या शेजारात इतकी मुरली, की तिच्या वाक्याची ठेवण मराठीसारखी झाली. एके काळी हीच पोर्तुगीज आशियातील सागरी व्यापाराची भाषा होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या 1698 च्या सनदेत, हिंदुस्थानात येणाऱ्या पाद्र्यांनी वर्षभरात पोर्तुगीज शिकून घ्यावी, असे बंधन इंग्रजांनीच घातले होते. आज तिच्या त्या दबदब्यापैकी आपल्या बोलण्यात उरले आहेत ते पगार, चावी, बादली, मेस्त्री आणि हापूस.

इंग्रजीचेही असेच होईल का? कधी तरी होईलही; परंतु आपल्या मुलीच्या हयातीत ते घडेल, असे मला वाटत नाही. साम्राज्य आटोपल्यावर इंग्रजीला अमेरिकेचा व्यापार, विज्ञान, विमान वाहतूक आणि पुढे इंटरनेट यांचा आधार मिळाला. जगात इंग्रजी मातृभाषा असणारे सुमारे 40 कोटी आहेत, तर ती शिकून वापरणारे त्यांच्या दुपटीहून अधिक आहेत. आपल्याकडे राज्यघटनेने केंद्राच्या कारभारात इंग्रजीला 15 वर्षांची मुदत दिली होती; ती 1965 मध्ये संपण्याआधीच, 1963 च्या कायद्याने इंग्रजीचा वापर पुढे चालू ठेवला.

आपल्या भावाचे म्हणणे निम्मे खरे आहे. बँकेचा अर्ज किंवा औषधाच्या वेष्टनावरील सूचना मोबाइल समजावून देईल, आणि त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी मुले व्यापारी जहाजांवर जातात, तेथील प्रसंग डोळ्यांपुढे आणा. कप्तान एका देशाचा, इंजिनिअर दुसऱ्या देशाचा, सुकाणूवर रत्नागिरीचा खलाशी, आणि जहाजावर इंग्रज एकही नाही. ‘हार्ड अ पोर्ट’ असा हुकूम येतो, खलाशी तोच हुकूम मोठ्याने परत उच्चारतो आणि सुकाणू डावीकडे पूर्ण वळवतो. तेथे खिशातून मोबाइल काढायला सवड नसते. अशी ठरावीक इंग्रजी वाक्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये मान्य केली आहेत. पुढच्या काळात इंग्रजी बहुधा अशीच राहील : बोलण्यात देशोदेशी वेगळी, कामापुरती सर्वांना समजणारी, आणि कोणा एकाच्या मालकीची नसलेली.

म्हणून इंग्रजी चांगली यायलाच हवी. मात्र त्यासाठी माध्यम बदलावे लागते, हे मला पटत नाही. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर इंग्रजीत पारंगत होते. त्यांनी 6 जानेवारी 1832 रोजी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापला जात असे. एक भाषा पक्की असली, की दुसरी तिच्या शेजारी अशी उभी राहते. ज्या भाषेत मूल भांडते, हट्ट करते, ‘का?’ म्हणून विचारते, त्याच भाषेत त्याला गणित आणि विज्ञान प्रथम उमजते. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहेच. मुलीला रोज अर्धा तास सोप्या इंग्रजी गोष्टी मोठ्याने वाचायला लावा आणि वाचलेले मराठीत सांगायला सांगा.

तरीही शाळा बदलायचीच असेल, तर त्याआधी परवानगी घेऊन त्या शाळेच्या चौथीच्या वर्गात अर्धा तास बसा. मुले फळ्यावरची उत्तरे नुसती उतरवून घेत आहेत, की बाईंना आपणहून काही विचारत आहेत, एवढेच पाहा आणि मग घरी येऊन ठरवा.