ऑफर लेटरवर 'सीनियर एक्झिक्युटिव्ह – मार्केटिंग' लिहिलंय, काम मात्र डिझाइनचं. पदनाम बदलून मागू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षं डिझाइनमध्ये, चाकणच्या कंपनीची ऑफर, पगार पटलाय. काम पॅकेजिंग, कॅटलॉग, प्रदर्शनातले स्टॉल, हाताखाली दोन ज्युनिअर. पदनाम मात्र मार्केटिंगचं. 'आर्ट डायरेक्टर' मागावं का, आणि मागितलं तर ऑफर हातची जाईल का?

ऑफर जात नाही. निदान अठरा वर्षांत नुसतं पदनाम मागितलं म्हणून गेलेली मी तरी पाहिली नाही. पण 'आर्ट डायरेक्टर' मागू नका.

जाहिरात एजन्सीत विज्युअलायझर, मग आर्ट डायरेक्टर, सीनियर आर्ट डायरेक्टर, पुढे असोसिएट क्रिएटिव्ह डायरेक्टर, क्रिएटिव्ह डायरेक्टर अशी शिडी असते. तिथे आर्ट डायरेक्टर म्हणजे मधली पायरी, चार-पाच वर्षांत मिळते. चाकणच्या कारखान्यात डायरेक्टर म्हणजे संचालक मंडळावरचा माणूस. माझ्या एका मैत्रिणीने अशाच कंपनीत हे पदनाम मागितलं, तर एचआरच्या बाईंनी फोनवरच विचारलं, "डायरेक्टर? पण मॅडम, आमचे प्लांट हेडसुद्धा डायरेक्टर नाहीयेत!" मैत्रीण पंधरा मिनिटं एजन्सीची शिडी समजावत बसली. उपयोग शून्य.

आता माझं सांगते, म्हणजे मी या विषयावर एवढी का भांडते ते कळेल. मी शनिवार पेठेतल्या एका प्रेसमध्ये डीटीपी ऑपरेटर म्हणून लागले. लग्नपत्रिका, अहवाल, हँडबिलं. वर्षभरात गिऱ्हाइकांचे लोगो मी करायला लागले, पॅकिंगचे खोके मी डिझाइन करायला लागले. अनुभवपत्रावर मात्र 'ऑपरेटर'च राहिलं. पुढच्या मुलाखतीत मी पोर्टफोलिओ उघडायच्या आत समोरच्याने विचारलं, "मराठी टायपिंगचा स्पीड किती?"

मग उलटी चूक केली. एका छोट्या स्टार्टअपने पगार कमी दिला आणि वर 'क्रिएटिव्ह हेड' दिलं. आईने ते व्हिजिटिंग कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं होतं, गणपतीच्या पायाशी. दोन वर्षांनी दुसरीकडे गेले तर पहिला प्रश्न: टीम किती जणांची? टीम म्हणजे मी आणि एक इंटर्न, तोही मे महिन्यापुरता. त्या खोलीतली शांतता अजून आठवते.

(नावाचा हा घोळ आपल्या धंद्यात जुनाच. जेजेतून, म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयातून, ही विद्या शिकलेली आधीची पिढी स्वतःला 'कमर्शिअल आर्टिस्ट' म्हणवायची. १९६१ मध्ये जेजेत 'उपयोजित कला' ही वेगळी संस्था झाली, तरी माझे सासरे अजून लोकांना सांगतात, सूनबाई कमर्शिअलला आहेत.)

तर तुमच्या कामाला बसेल असं पदनाम मला वाटतं 'लीड डिझायनर – ब्रँड अँड पॅकेजिंग'. न पटल्यास 'सीनियर डिझायनर', पण 'डिझायनर' हा शब्द सोडू नका. तुमचा बायोडेटा पुढच्या कंपनीत आधी बघणार तो डिझाइनमधला नसेलच. त्याच्याकडे एक यादी असते आणि त्या यादीत 'एक्झिक्युटिव्ह – मार्केटिंग' डिझायनरच्या खणात पडत नाही. 'लीड' लावायला तुमच्याकडे दोन ज्युनिअर आहेत, म्हणजे टीमच्या प्रश्नाला उत्तर आहे.

एचआर 'नाही' म्हणते ती बहुतेकदा ग्रेडमुळे. पगाराचा पट्टा, मेडिक्लेम, प्रवासभत्ता हे सगळं ग्रेडला बांधलेलं असतं आणि त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या ग्रेडसमोर ठरावीक पदनामंच येतात. म्हणून मेलची सुरुवातच अशी करा: ग्रेड आणि पगार ठरल्याप्रमाणे मान्य आहेत, त्यात काही बदल नको. पुढच्या ओळीत, मुलाखतीत जे काम ठरलं त्याचे तीन तुकडे. तिसऱ्या ओळीत, सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडचं नाव तेच राहू द्या, नेमणूकपत्रावर आणि कार्डावर मात्र हे पदनाम घाला. बऱ्याच कंपन्यांत अशी दोन नावं चालतात, फक्त मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि हा मेल एचआरला पाठवण्याआधी तुमच्या होणाऱ्या साहेबांना फोन करा. ते "माझी हरकत नाही" म्हणाले की एचआरचं अर्धं काम झालेलं असतं.

"लेटरवर राहू दे, लिंक्डइनवर तुम्ही हवं ते लिहा" असं कोणी गोड बोलून सांगितलं तर ऐकू नका. पुढची नोकरी लागताना पडताळणीवाली एजन्सी जुन्या कंपनीला पदनाम विचारते, आणि ते सांगतात रेकॉर्डवरचं. मग तुम्ही खोटं लिहिलंत असा शेरा येतो. 'ऑपरेटर'पेक्षा ते वाईट.

एवढं करूनही नाहीच म्हणाले, तर नोकरी सोडू नका. नेमणूकपत्राला कामाच्या स्वरूपाचं एक पान जोडून मागा, त्यात डिझाइन आणि दोन ज्युनिअर हे स्पष्ट यायला हवं. प्रोबेशन संपल्यावर कन्फर्मेशनचं पत्र निघतं, तेव्हा कागद नव्याने टाईप होतोच. त्याच्या पंधरा दिवस आधी पुन्हा विचारा. माझ्या आत्ताच्या नोकरीत पदनाम बदललं ते त्या दुसऱ्या वेळेलाच.