'रिंग स्पीशीज'ला मराठीत काय म्हणायचं?

गुहागरच्या एका मास्तरांनी विचारलंय, रिंग स्पीशीजला (कड्यासारखी पसरलेली जीवांची साखळी, शेजारी शेजाऱ्याशी जुळतो पण दोन टोकं जुळत नाहीत) 'वलयी प्रजाती' बरं की 'रिंगण प्रजाती'. अहो, आधी ती प्रजाती काढा! पेपरात रोज 'माशाची दुर्मिळ प्रजाती', कान किटले. ती हिंदीची सवय. मराठी विश्वकोशात स्पीशीज म्हणजे जाती, आणि प्रजाती म्हणजे जीनस, वर्गीकरणात एक पायरी वर.

आता खरी गंमत. जाती आलं 'जन्'वरून, आणि लॅटिन जीनस त्याच धातूचं, सख्खं चुलत भावंड. स्पीशीज मात्र लॅटिनमधल्या 'बघणे'वरून, मूळ अर्थ रूप. तोच धातू आपल्या 'पश्य'मध्ये, आणि संस्कृतात हेराला 'स्पश' म्हणतात तोही तिथलाच. म्हणजे परिभाषावाल्यांनी जन्माचा शब्द दिसण्याला चिकटवला की! आमचा एक कोशप्रेमी मित्र म्हणतो व्युत्पत्ती धरून बसू नये, पण त्यानेही तो हिरवट वटवट्या (ग्रीनिश वॉर्बलर, एक चिमुकला पक्षी) बघितलेला नाही.

थंडीत आपल्याकडे फणसाच्या शेंड्यात चुळबुळत असतो तो, पंखावर बारीक फिकी पट्टी. याचे पूर्वज हिमालयाकडून तिबेटच्या पठाराला दोन्ही अंगांनी वळसा घालत उत्तरेला पसरले, शेजारचा शेजाऱ्याशी जुळता, वेंगुर्ल्याच्याला शिरोड्याचं बोलणं कळतं आणि शिरोड्याच्याला पेडण्याचं, तसंच. सायबेरियात दोन्ही टोकं भेटली तेव्हा एकाच्या पंखावर एक पट्टी, दुसऱ्याच्या दोन, दिसण्यात फरक तेवढाच, पण गाणं इतकं बदललेलं की एकमेकांना जोडीदार म्हणून जवळपास ओळखतच नाहीत. म्हणजे जात ठरते ती रूपावरून नाही, कुणाची पिल्लं कुणापासून यावरून. परिभाषावाले चुकून बरोबर निघाले, श्रेय मात्र मी देणार नाही.

(2014 च्या जनुकीय अभ्यासात या साखळीत पूर्वी मधे खंड पडल्याचं आणि टोकांत थोडा संकर झाल्याचंही दिसलं. कुरव म्हणजे सीगल पक्षी, त्यांचंही असंच रिंगण मानत, ते तर 2004 च्या अभ्यासातच मोडलं.)

हां, मास्तरांचा प्रश्न राहिलाच. 'वळेजाती' म्हणा. 'वलय'चंच मराठीत वळं झालं, आणि तारेच्या वळ्याची दोन टोकं अगदी जवळ येतात पण सांधलेली नसतात. रिंगण नको, त्यात घोडा फिरून होता तिथेच येतो आणि तोच घोडा असतो.