मुलाखत ऑफिसात नको, शॉपवर घ्या

प्रश्न : ताई, शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे. पंपाच्या बॉडीचं ग्रे आयर्न कास्टिंग, म्हणजे बिडाचं ओतकाम करतो. माणसं अठ्ठावीस. दीड वर्षात मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायच्या कामावर, तीन सुपरवायझर घेतले. तिघंही मुलाखतीत छान बोलले, दहा-बारा वर्षांचा अनुभव सांगितला. पहिल्याला रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, आवरलं नाही, दुसरा साचे करणाऱ्या मोल्डरांशी भांडून गेला, तिसरा चांगला होता, पण तीन महिन्यांत काही न बोलता सोडून गेला. मी स्वतः दिवसभर शॉपवर, म्हणजे कामाच्या जागेवर असतो, तरी हे होतं. माणूस ओळखायचा कसा?
– एक कारखानदार, कोल्हापूर

उत्तर : दादा, मुलाखतीत काय विचारलंत ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक ठिकाणी आधी कुठं होता, का सोडलं, पगार किती पाहिजे, एवढंच विचारतात आणि चहा मागवतात. पर्सोनेलमध्ये असताना मीही तेच करत होते. कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे करतात त्या कोअर शॉपच्या एका माणसाला मी नको म्हटलं, कारण तो मान खाली घालून दोन शब्दांत उत्तरं देत होता. वर्षभरात त्यानं शेजारच्या कारखान्याचं कोअर शॉप सुतासारखं सरळ केलं. ते मला अजून लागतं.

श्मिट आणि हंटर या संशोधकांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून तपासलं. अनुभवाच्या वर्षांवरून माणूस काम कसं करेल हे फारसं कळत नाही, असं त्यात निघालं. काम करून दाखवायला लावणं आणि सगळ्यांना ठरवून तेच प्रश्न विचारणं, या दोन्ही गोष्टी मोकळ्या गप्पांपेक्षा सरस ठरल्या. २०२२ च्या फेरतपासणीत आकडे उतरले, तरी ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत सगळ्यात वर आली.

तेव्हा तुमच्याच स्क्रॅपमधून तीन पीस काढा. एकात ब्लो होल (वायूनं पडलेलं भोक), एकात कोल्ड शट (थंडावलेला रस नीट न जुळल्याची भेग), एकात वाळू अडकलेली. येणाऱ्या प्रत्येकाला हेच तीन द्या आणि चांगलं उत्तर कोणतं ते आधीच कागदावर लिहून ठेवा. दोषाचं नाव कुणीही सांगेल. तो तुम्हाला उलट काय विचारतो ते ऐका. वाळूत ओलावा किती ठेवता, व्हेंट, म्हणजे वायू जायची भोकं, कुठं मारता, भट्टीतून निघालेलं रसाचं भांडं, म्हणजे लॅडल, शेवटच्या मोल्डपर्यंत किती वेळात पोचतं, असं विचारणारा माणूस पुढं न्या. पीस हातात घेतल्या घेतल्या ‘मोल्डरची चूक’ म्हणणारा तुमच्या दुसऱ्या सुपरवायझरसारखाच निघेल. मग अर्धा दिवस मोल्डरांबरोबर उभा करा, आणि त्या अर्ध्या दिवसाचा पगार द्या. नोकरी मिळो न मिळो, त्यानं वेळ दिलेला असतो.

आता तिसऱ्याचं. दिवसभर शॉपवर असता, हे तुम्ही अभिमानानं लिहिलंत आणि माझं मन तिथंच अडकलं. त्यानं मोल्डरला एक सांगितलं आणि तुम्ही येऊन सगळ्यांदेखत दुसरं सांगितलं, असं किती वेळा झालं? झालं असेल तर त्यानंतर मोल्डर त्याला विचारणारच नाहीत, थेट तुमच्याकडं बघतील. कसबी माणसाला हे सोसत नाही, आणि मालकाला तोंडावर कोण सांगणार?

नवीन माणूस शोधायच्या आधी त्याला फोन करा. परत बोलवायला नव्हे, का गेलास एवढंच विचारायला. तो बोलेल तेव्हा मधे एक शब्दही बोलू नका. काय म्हणाला ते मला कळवा.