बायबल वाचून येशू कोण होता आणि कसा होता, हे कळतं का? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की येशूबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते चित्रांमधून आणि नाताळच्या गोष्टींमधून आलेलं आहे. त्याचा स्वभाव कसा होता, तो स्वतःला कोण समजत होता, हे थेट बायबलमधून कळेल का आणि त्यासाठी आधी विश्वास ठेवावा लागेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

विश्वास आधी ठेवावा लागत नाही. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि श्रद्धेने वाचते, त्यामुळे माझं वाचन तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. पण शुभवर्तमानांमध्ये (येशूच्या जीवनाबद्दलची बायबलमधली चार पुस्तकं: मत्तय, मार्क, लूक, योहान) येशूभोवती जी माणसं दिसतात, त्यांच्यापैकी कुणीच आधी सगळं पटवून घेऊन आलेलं नाही. शिष्यसुद्धा नाहीत. ते मागे चालत राहतात आणि मधूनमधून गोंधळून एकमेकांना विचारतात, हा आहे तरी कोण?

म्हणून सुरुवात मार्कपासून करा. चारांतलं सगळ्यात लहान शुभवर्तमान, सोळा अध्याय, दीड-दोन तासांत एका बैठकीत वाचून होतं. त्यात जन्मकथा नाही, गोठा नाही, पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक, नाहीत. येशू मोठा होऊनच समोर येतो आणि लगेच कामाला लागतो. पहिल्यांदा वाचताना टीपा, प्रवचनं, स्पष्टीकरणं बाजूला ठेवा. फक्त एक करा: ‘हा कोण?’ हा प्रश्न जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलने खूण करा आणि त्याच्या अगदी आधी काय घडलंय ते पाहा.

दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण छप्पर उघडून खाली सोडतात. येशू त्याला म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथे बसलेले शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे जाणकार, मनात म्हणतात, देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांचा आक्षेप बिनतोड आहे. येशूला ‘तुमचा गैरसमज झालाय’ असं म्हणून सुटता आलं असतं, पण तो तसं म्हणत नाही. तो त्या माणसाला उठवून घरी पाठवतो. चौथ्या अध्यायात वादळ शांत होतं आणि शिष्य घाबरून विचारतात, वारा आणि समुद्रही याचं ऐकतात, हा कोण आहे? पण त्याच्या जरा आधी हाच माणूस नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन गाढ झोपलेला असतो. दमलेलं शरीर आणि वादळावरची सत्ता, दोन्ही एकाच प्रसंगात ठेवून मार्क पुढे निघून जातो. समजावत बसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘तो कोण’ आणि ‘तो कसा’ हे दोन प्रश्न शुभवर्तमानं वेगळे करू देत नाहीत. येशू स्वतःची व्याख्या क्वचितच सांगतो. तो समोरच्या एखाद्या माणसाशी काहीतरी करतो किंवा बोलतो, आणि प्रश्न बघणाऱ्यांना पडतो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते लूकच्या सातव्या अध्यायात. शिमोन नावाच्या परूश्याने (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाने) येशूला जेवायला बोलावलंय. गावात पापी म्हणून ओळखली जाणारी एक बाई आत येते, रडते, त्याचे पाय आसवांनी भिजवते, केसांनी पुसते, त्यांवर सुगंधी तेल ओतते. शिमोन मनात म्हणतो, हा खरंच संदेष्टा असता तर आपल्याला शिवणारी बाई कोण आहे हे याला कळलं असतं. म्हणजे शिमोनने परीक्षा ठेवलीय: याला माणसं ओळखता येतात का? आणि येशू शिमोनच्या मनातलं ओळखून त्यालाच उत्तर देतो! एकाचं पाचशे दिनार कर्ज, दुसऱ्याचं पन्नास, सावकाराने दोघांचंही सोडलं, मग जास्त प्रेम कोण करेल? (दिनार म्हणजे मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी, तेव्हा पाचशे हा आकडा सहज फिटणारा नव्हता.) मग तो बाईकडे वळून शिमोनला विचारतो, ‘ही बाई तुला दिसते ना?’

या प्रश्नापाशी मी दर वेळी थांबते. शिमोनने तिला पाहिलेलं असतं, पण पाहिलं होतं ते तिचं नाव झालेलं पाप. येशू तिने काय केलं ते एकेक करून सांगतो आणि प्रत्येक वेळी शेजारी शिमोनने काय केलं नाही तेही ठेवतो. तू पाय धुवायला पाणी दिलं नाहीस, हिने आसवांनी भिजवले. तू माझं चुंबन घेतलं नाहीस, ही थांबलेली नाही. यजमानाच्याच पंगतीत बसून यजमानाला हे ऐकवणं काही गोड स्वभावाचं लक्षण नाही. तरीही तो शिमोनला हाकलत नाही. ‘शिमोना, मला तुला काही सांगायचं आहे’ अशी सुरुवात करतो आणि गोष्ट सांगून न्याय त्यालाच करायला लावतो. प्रसंग संपता संपता पंगतीतले इतर कुजबुजतात: पापांचीही क्षमा करणारा हा कोण?

चित्रांमधला कायम शांत, मंद हसणारा येशू वाचताना टिकत नाही. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात सभास्थानात हात वाळलेला एक माणूस आहे. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी जीव वाचवणं योग्य की घेणं, असं येशू विचारतो आणि सगळे गप्प बसतात. तो त्यांच्याकडे रागाने पाहतो, आणि त्याच वाक्यात म्हटलंय की त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळे त्याला दुःख झालं. राग आणि दुःख एकत्र, त्याच माणसांबद्दल. त्याच अध्यायात पुढे घरचे लोक त्याला धरून न्यायला येतात, कारण त्याला वेड लागलंय असं त्यांना वाटतं. त्याला देव मानणाऱ्या लोकांनी हे वाक्य जपून ठेवलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

अवघड जागा ओलांडून जाऊ नका. मार्कच्या सातव्या अध्यायातली सुरफुनीकी (सिरियातल्या फिनिशिया भागातली) बाई परक्या वंशाची आहे. मुलीसाठी विनवणी करते तेव्हा येशू म्हणतो, मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांपुढे टाकणं बरं नाही. कानाला लागतंच. कुणी म्हणतं, तो तिची परीक्षा पाहत होता. कुणी म्हणतं, आधी इस्राएल आणि मग इतर, हा त्याच्या कामाचा क्रम होता. दोन्हींत तथ्य असेल, पण वाक्याची धार त्याने जात नाही. मला दिसतं ते पुढचं: टेबलाखालची कुत्रीसुद्धा मुलांच्या हातून पडलेला चुरा खातात, असं ती म्हणते आणि येशू तिचं म्हणणं मान्य करतो. मोठमोठे शास्त्री वादात त्याच्यापुढे निरुत्तर होतात, आणि इथे शेवटचा युक्तिवाद एका परक्या बाईचा ठरतो.

आता तो स्वतःला कोण समजत होता. मार्कमध्ये पेत्र हा शिष्य ‘तू ख्रिस्त (देवाने अभिषेक केलेला, वाट पाहिलेला राजा) आहेस’ म्हणतो तेव्हा येशू नाकारत नाही, पण कुणाला सांगू नका अशी ताकीद देतो. आपल्याला दुःख भोगावं लागेल, मारलं जाईल असं तो लगेच सांगू लागतो, आणि पेत्र विरोध करतो तेव्हा त्यालाच सैतान म्हणतो. म्हणजे पदवी बरोबर होती, तिचा पेत्राने लावलेला अर्थ चुकीचा होता. ही लपवाछपवी मार्कची आणि आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीची रचना आहे, असं विल्यम व्रेडे या जर्मन अभ्यासकाने 1901 मध्ये मांडलं आणि त्यावर अजून वाद चालतो. अटकेनंतरच्या चौकशीत प्रमुख याजक, तू ख्रिस्त आहेस का, असं सरळ विचारतो तेव्हा मात्र येशू ‘मी आहे’ म्हणतो. तोवर त्याला अटक करून आणलेलं असतं, आणि त्या उत्तराचा कुणी राजकीय जयजयकार करण्याची शक्यता उरलेली नसते. मला वाटतं, त्याने तेव्हाच बोलण्याचं कारण तेच आहे.

योहानात सूर वेगळा लागेल. तिथे ‘मी आणि पिता एक आहोत’ आहे, आणि ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हेही आहे, चारच अध्यायांच्या अंतरावर. चौथ्या शतकात एरियसच्या (पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही असं मानणाऱ्या धर्मगुरूच्या) बाजूचे लोक दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवत. 325 ची नायसियाची आणि 451 ची खाल्सेदोनची, येशू कोण हे ठरवणाऱ्या चर्चच्या या दोन्ही परिषदा अशा ओढाताणीतूनच झाल्या. परिषदांची भाषा आधी वाचली तर येशू एक सिद्धान्त वाटतो. आधी लाजर या मित्राच्या कबरेपाशी रडणारा येशू वाचा.

हे सगळं खरंच घडलं का, हे आधी ठरवायची गरज नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडून (शुभवर्तमानाच्या नावातला योहान वेगळा) बाप्तिस्मा आणि पंतय पिलात या रोमी सुभेदाराच्या कारकिर्दीत वधस्तंभावर मृत्यू, या दोन गोष्टी ख्रिस्ती नसलेले इतिहासकारही बहुतांशी मान्य करतात. चमत्कारांबद्दल ‘पाहू’ म्हणून पुढे वाचलंत तरी चालेल.

क्रम विचारलात तर मार्क, मग लूक, मग योहान. जुन्या करारातलं स्तोत्र 22 आणि दानिएलाचा सातवा अध्याय मार्कच्या शेवटच्या तीन अध्यायांबरोबर वाचा. वधस्तंभावरची ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ ही आरोळी स्तोत्रातली आहे, आणि याजकाला दिलेल्या उत्तरातला मेघांसह येणारा मनुष्याचा पुत्र दानिएलातला. मत्तय मी मुद्दाम शेवटी ठेवते. त्यातलं डोंगरावरचं प्रवचन, अध्याय 5 ते 7, बहुतेकांना सुट्या सुविचारांसारखं माहीत असतं. ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ हे वाक्य, बोलणाऱ्याला अटक होताना आणि त्याच्यावर थुंकलं जाताना पाहून झाल्यावर वाचावं, असं माझं मत आहे.