श्वास कुठे घ्यायचा

प्रिय मुला,

तुझी तक्रार वाचून हसू आलं. विशारद झालेल्या गळ्याला विद्यापीठाच्या क्वायरमध्ये, म्हणजे समूहगायनात, दोनदा ऐकावं लागलं, 'तुझा आवाज वेगळा येतोय', आणि पहिल्यांदा तुला ती दाद वाटली! मलाही वाटली होती. पण क्वायरमध्ये वेगळा येणं म्हणजे बाकीच्यांत न मिसळणं.

रशियन संगीतकार राखमानिनोवची 'ऑल-नाइट व्हिजिल' १९१५ साली मॉस्कोत पहिल्यांदा गायली गेली. रचना उपासनेची, आणि रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत उपासनेला वाद्य नसतं. ऑर्गन नाही, तुझा तंबोराही नाही. सूर एकदा मिळाला की पुढे सगळं गळ्यांवर. मध्ये आवाज तुटला तर झाकायला काहीच नाही.

म्हणून श्वास चोरायला शीक. ओळ संपली की श्वास घ्यायची आपली सवय. इथे नेमकी तीच जागा टाळायची, कारण तिथे सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो. लांब स्वर चालू असताना मध्येच गुपचूप थांब, श्वास घे, आणि परत येताना व्यंजन न उच्चारता नुसत्या स्वरावर हलकेच मिसळ. कोण कुठे थांबणार हे शेजाऱ्याशी आधी ठरव. आम्ही ठरवलं नव्हतं. एकदा आम्ही चारही बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज गाणारे, एकाच क्षणी थांबलो, आणि प्रार्थना संपली असं समजून समोरच्या एका आजींनी टाळ्या सुरू केल्या.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, विसर. हे तुला सगळ्यात जड जाईल, मला दोन वर्षं लागली. 'व्हिजिल'च्या पाचव्या भागाच्या शेवटी बेस खाली उतरत पार तळाच्या बी फ्लॅट या सुरापर्यंत जातो. तो लागला नाही तर नुसते ओठ हलव, घसा दाबून काढू नकोस. रशियातही असे गळे दुर्मीळच.

उच्चारांत मात्र तू पुढे राहशील. 'त्सार' (राजा) या शब्दाची सुरुवात म्हणजे आपल्या 'चटणी'तला च, 'चहा'तला नव्हे. अमेरिकन पोरं तिथे अडखळतात. पण 'गोस्पोदी पोमिलुय' ('प्रभू, दया कर') रशियन रूममेटकडून शिकू नकोस. बोलताना त्याचा आघात नसलेला 'ओ' 'अ'कडे झुकतो. चर्च स्लाव्होनिकमध्ये, म्हणजे उपासनेच्या जुन्या भाषेत, ओ तो ओच.

आणि 'श्चेद्रिक' या गाण्याला रशियन म्हणू नकोस रे. ते युक्रेनियन. लिओन्तोविचची ही रचना १९१६ साली कीव विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीच पहिल्यांदा गायली. इंग्रजीत ते 'कॅरल ऑफ द बेल्स' झालं आणि त्यात घंटा शिरल्या. मुळात एक पाकोळी घरधन्याला हाक मारून सांगते, गोठ्यात बघ, मेंढ्या व्याल्यात. ती पाकोळी डोळ्यांसमोर ठेव, म्हणजे लय जड होणार नाही.

कार्यक्रमाला काळे मोजे घाल. माझे पांढरे होते. ग्रुप फोटोत आजही आधी तेच दिसतात.

तुझा,
काका